वजा सात, वजा सात

आमच्या सरांना पत्ता विचारायची चूक भाईंदरमधला शहाणा माणूस एकदाच करायचा. मी दोनदा केली, कारण तेव्हा मला अक्कल कमी होती.

"सर, तुमचं घर कुठंय?"

"क्लासच्या दारात उभी राहा. स्टेशनकडे पाठ कर. तीस अंश डावीकडे वळ. मग सरळ चारशे मीटर."

"पण सर, मध्ये बिल्डिंगा आहेत ना."

"त्या मी बांधल्या नाहीत. त्यांचं तुझं तू बघ."

मी त्या दिवशी बिल्डिंगांना वळसे घालत, तीन कुत्र्यांची ओळख करून घेत, शेवटी एका दूधवाल्याला विचारून पोचले. काकूंनी दार उघडलं आणि माझ्या घामाकडे बघून आत वळून ओरडल्या, "अहो, आणखी एका पोरीला कोनातून बोलावलंत ना? डेअरीच्या वर राहतो म्हणून सांगायला जीभ झडते का?" सर आतून म्हणाले, "डेअरी उद्या बंद होईल. कोन बंद होत नाही." डेअरी अजून आहे, हे इथे सांगून ठेवते.

रिक्षात तर तमाशाच. सरांच्या किल्ल्यांना एक छोटं प्लास्टिकचं होकायंत्र लटकलेलं असे आणि हातात बाराही महिने छत्री. ती पावसासाठी नव्हती, दाखवण्यासाठी होती. रिक्षात बसले की छत्री पुढे काढून सांगायचे, "भैया, यहाँ से साठ डिग्री लेफ्ट." एकदा एका रिक्षावाल्याने मागे वळून शांतपणे विचारलं, "अंकल, मीटर से चलूँ या डिग्री से?" सरांना हे इतकं आवडलं की पुढचा आठवडाभर ते प्रत्येक बॅचला ऐकवलं. आम्ही प्रत्येक वेळी हसलो. न हसून सांगतो कोणाला.

ज्यांना गणित म्हटलं की अंगावर काटा येतो त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखादा बिंदू कुठे आहे हे सांगायच्या दोन रीती आहेत. पहिली, आरंभापासून आडवं किती आणि उभं किती. हे एक्स आणि वाय. दुसरी, आरंभावर उभं राहायचं, अमुक अंशात तोंड वळवायचं आणि तमुक अंतर सरळ जायचं. हे पोलर. एका रीतीतून दुसरीत जायचं कसं, हे बारावीच्या पुस्तकात जेमतेम पान-दीड पान आहे आणि परीक्षेत दोन मार्कांना येतं. बाकीचे शिक्षक ते अर्ध्या तासात उरकतात. आमचे सर त्यावर अख्खा आठवडा घालवायचे. क्लासचे मालक दारातून डोकं आत घालून एकच शब्द म्हणायचे, "सर, पोर्शन!" आणि सर म्हणायचे, "येतोय, येतोय, पोर्शन कुठे पळून जात नाही."

आमचा क्लास भाईंदर पश्चिमेला एका फरसाणच्या दुकानाच्या वर होता. प्लायवूडची पार्टिशनं घालून तीन खोल्या केलेल्या. खालून दुपारी गाठिया तळल्याचा वास यायचा आणि इंटिग्रेशन डोक्यात शिरायचं बंद व्हायचं. पण फळा खरोखर उत्तरेच्या भिंतीवर होता. तसा नसता तर सरांनी तिथे नोकरी धरलीच नसती, असं काकू म्हणायच्या, आणि मला ते खरं वाटतं.

"एक्स-वाय ही महापालिकेची पद्धत," सर सांगायचे. "आधी या खिडकीवर जा, मग त्या खिडकीवर जा. पोलर ही माणसाची पद्धत. आहेस तिथे उभा राहा, तोंड वळव आणि चालायला लाग." मग छत्री उचलून फिरवायचे. पहिल्या बाकावरची मुलं सवयीने डोकी खाली घालायची.

पण सरांचा खरा जीव होता एका चुकीवर. कोन काढताना वायला एक्सने भागायचं असतं. आता दोन्ही वजा असले की वजा-वजा कटतात आणि उत्तर येतं अधिक. म्हणजे बिंदू असतो खाली डावीकडे आणि पोरगं छातीठोकपणे लिहितं पंचेचाळीस अंश, म्हणजे वर उजवीकडे. बरोब्बर उलटं तोंड. ही चूक दर वर्षी, दर बॅचला, अर्धा वर्ग करतो. सरांना ती दिसली की त्यांचा आवाज चढायचा. "अरे, वजाला वजाने भागलंस की दोघंही मेले! मेल्यावर कसली चौकशी करतोस? आधी चिन्हं बघ, आकृती काढ, आणि मग भाग!"

आणि शिक्षा. ज्याचं उत्तर उलट्या दिशेला आलं त्याने त्या दिशेकडे तोंड करून उभं राहायचं. क्लास सुटेपर्यंत. फिरायचं नाही. "तुझं उत्तर जिकडे आहे तिकडे बघ. सापडतोय का बिंदू ते मला सांग." मी बारावीत असताना फळ्याजवळच्या उजव्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिलेली आहे. तिथे पाण्याचा माठ होता. तासभर मी त्या माठाकडे बघितलं आणि त्यानंतर आयुष्यात ती चूक केली नाही. सर क्लास संपल्यावर मुद्दाम मागे यायचे, खांद्यावर छत्रीची मूठ टेकवायचे आणि म्हणायचे, "क्लास सुटला. फीर आता." तेवढं म्हणताना आवाज असा काही मऊ व्हायचा की झालेला राग पळून जायचा. मेल्या माठाचाही.

पुढे मी त्याच क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला लागले. सरांच्या शेजारची खोली. मध्ये प्लायवूड, त्यामुळे माझ्या मुलांना फुकटात पोलर पण यायचं. मी म्हणायचे, "सर, जरा हळू, माझा बेन्झिन हलतोय." ते म्हणायचे, "त्यालाही कोनच आहेत, ऐकू दे त्याला."

आता आमच्या घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही भाईंदरजवळच्या राई गावचे. गावातच आमचं बैठं घर होतं, आळीतून आत शिरलं की मोठं अंगण, अंगणात विहीर आणि तिच्या पलीकडे आमचा बापदेव. बापदेव म्हणजे शेंदूर फासलेला गुडघाभर उंचीचा दगड, देऊळ-बिऊळ काही नाही. माझी आई मी लहान असताना गेली. मला आणि दादाला वाढवलं ते आत्याने, आणि आत्याचा दिवस सुरू व्हायचा बापदेवाला पाणी घालून. ती देवाशी बोलायची, भांडायची, मासळी महागली तरी त्यालाच जाब विचारायची.

मग जागा डेव्हलपमेंटला दिली. घर पडलं, आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. देवाला हलवायचा मुहूर्त भटजींनी शुक्रवारचा काढला होता. बिल्डरच्या माणसांना सांगून ठेवलं होतं, तोवर त्या बाजूला हात लावू नका. आणि गुरुवारी सकाळी डंपर आले! कोणी कोणाला सांगायचं राहिलं देव जाणे. संध्याकाळपर्यंत विहिरीचा कठडा सोडून सगळ्या जागेवर छातीइतका भराव. आमचा देव त्याच्या खाली.

आत्याने ऐकलं आणि ताटातला भात बाजूला सारला. "देव मातीखाली नि मी भात खाव? न्हाय जमायचा." आत्याला शुगर. सकाळ-संध्याकाळ गोळ्या. उपाशीपोटी गोळी घेतली तर चक्कर, न घेतली तर दुसरंच काही. चहा आणि दोन बिस्किटं, यापलीकडे ती काही घेईना. डॉक्टर रागावले, दादा पाया पडला, वहिनीने रडून पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून. आणि साइटवरचा सुपरवायझर म्हणाला, "देखो मॅडम, मैं भी भगवानवाला आदमी हूँ. लेकिन सोमवार को नींव के लिए पायलिंग की मशीन आयेगी. मंडे के बाद मेरे हाथ में कुछ नहीं." जेसीबी लावायची सोय नव्हती, त्याच्या दातांनी दगडाचे तुकडे झाले असते. हाताने खणायचं तर खणायचं कुठे? सगळीकडे सारखीच लाल माती.

शनिवारी मी क्लासला गेले ती डोळे सुजवून. सरांनी विचारलं, मी सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता फुटलेच. सर ऐकत होते. मग म्हणाले, "देवाचे निर्देशक आहेत का कोणाकडे? एक्स आणि वाय?"

मला वाटलं, यांना आता मारावं.

पण खरंच होते. आर्किटेक्टच्या ऑफिसला फोन लावला. शनिवार, अर्धा स्टाफ सुट्टीवर, नकाशा सोमवारी मिळेल म्हणाले. पण तिथल्या मुलीने कॉम्प्युटरवर बघून आकडे सांगितले. विहीर म्हणजे शून्य-शून्य. देवस्थान म्हणजे एक्स वजा सात, वाय वजा सात. सगळं मीटरमध्ये. सरांनी ते तळहातावर पेनाने लिहून घेतलं आणि माझ्याकडे असे बघायला लागले जणू लग्न ठरलंय.

साइटवर गेलो. जुन्या आळीतून जायचा रस्ता बिल्डरने निळे पत्रे मारून बंद केला होता, म्हणून आम्ही मागून, जिथे पूर्वी आमची भेंडी-वालाची वाडी होती, त्या नव्या रस्त्याने आत शिरलो. विहिरीपासून सरळ आडवं मोजत जायचं म्हटलं तर एका बाजूला राडारोड्याचा डोंगर. उभं जायचं म्हटलं तर साइटचं पत्र्याचं ऑफिस. सुपरवायझर म्हणाला, "सीधा नापने को जगह नहीं है, सर."

"नहीं है ना?" सरांचा चेहरा उजळला. "फिर तो पोलर!"

आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते घडत होतं. सर कठड्यावर चढले. त्या वयात, धोतराला शोभतील असे पाय त्या पँटीत, एका हातात होकायंत्र, दुसऱ्यात छत्री. मी खालून ओरडतेय, "सर, पडाल, विहीर आहे!" त्यांना ऐकू कुठे येतंय. हिशोब त्यांनी तोंडीच केला. अंतर सात गुणिले वर्गमूळ दोन, म्हणजे जवळपास दहा मीटर. कोन, सातला सातने भागले एक, म्हणजे पंचेचाळीस. दादाने कठड्याला दोरी बांधली, दहा मीटरवर गाठ मारली. सरांनी होकायंत्रावर पूर्व पकडली, तिथून डावीकडे पंचेचाळीस अंश छत्री वळवली. "ताणा दोरी!"

तरी खात्री हवी म्हणून मी आत्याला फोन लावला. ती काही साइटवर यायला तयार नव्हती. "देव खाली हाय. माजा पाय त्याचे डोक्यावं परला तं?" मी विचारलं, आत्या, नक्की कुठे होता गं देव? ती म्हणाली, "इसरलीस? हिरीचे पल्याड, डाव्या हाताला." मी मान वर करून बघितलं. विहिरीच्या पलीकडे, डाव्या हाताला. दोरी बरोबर तिथेच ताणलेली होती. मला रडूच आलं. दादा म्हणाला, "मानलं सर तुम्हाला." सरांनी छत्री मिटली आणि पुन्हा उघडली.

दोन मजूर आणि दादा खणायला लागले. तासाभराने टण् असा आवाज आला. सगळे थांबले. सरांनी चपला काढल्या. मी हात जोडले. दादा नारळ घेऊन पुढे झाला. मातीतून वर काय आलं, तर कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या ओट्याचा ग्रॅनाइट. भरावात आलेला. मजुरांना हसू दाबता येईना. पुन्हा खणलं. जुन्या जमिनीपर्यंत गेलं, खड्डा चहूबाजूंनी रुंद केला, अंधार पडायला आला. देव नाही. एका मजुराने हळूच विचारलं, "भगवान खिसक गये क्या?" घरी गेले तर आत्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता कूस बदलली. मला त्या क्षणी सरांचाही राग आला, पोलरचाही, आणि बापदेवाचाही.

रविवारी सकाळी बारावीची जादा बॅच असते. मी शेजारच्या खोलीत होते, शिकवण्यात लक्ष नव्हतं. पलीकडून सरांचा आवाज येत होता, रात्रभर झोपले नसावेत असा. मग तो नेहमीसारखा चढला. "अरे, दोन्ही वजा आहेत आणि पंचेचाळीस लिहितोस? वजाला वजाने भागलंस की दोघंही मे..."

आणि थांबला.

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. मग दार आपटलं आणि सर माझ्या खोलीच्या दारात. तळहात माझ्यापुढे धरलेला. घामाने पुसट झालेलं, पण दिसत होतं. वजा सात, वजा सात.

"मी आकृती काढली नाही गं," सर म्हणाले. "तुझी आत्या जेवत नाही म्हणालीस आणि मी घाई केली. आकृती काढली नाही."

"पण सर, आत्याने पण तेच सांगितलं. पलीकडे, डाव्या हाताला."

"ती कुठून सांगत होती? आयुष्यभर ती आळीतून आत आली. आपण काल मागून शिरलो." त्यांनी छत्री सरळ उलटी फिरवली. "ती बरोबर आहे. नकाशा बरोबर आहे. उलटे आपण उभे होतो. आणि मी तर दोनदा उलटा."

चाळीस मुलं दारातून बघत होती. मालक "सर, पोर्शन" म्हणायला आले आणि न म्हणता परत गेले. रिक्षात सर एक अंशही बोलले नाहीत. "राई चलो, जल्दी," एवढंच. त्यांनी माझ्याच फोनवरून आत्याला फोन केला. "आत्याबाई, चूक माझी आहे. तुमचा देव डाव्याच हाताला आहे. तुम्ही या. मातीवर पाय ठेवू नका, आळीतच उभ्या राहा, पण या."

ती आली. दादाने धरून आणली, वहिनी डबा घेऊन मागे. आळीच्या तोंडचा एक पत्रा आम्ही सुपरवायझरच्या हातापाया पडून काढला. आत्या तिथेच उभी राहिली, भरावाच्या कडेला, आणि नुसत्या बोटाने दाखवलं. "ही हीर. हिचे पल्याड, डाव्या हाताला." विहिरीवरची दोरी सरांनी आधीच अर्धा फेरा फिरवून ठेवली होती. बोट आणि दोरी एकाच ठिकाणी.

खणायला सुरुवात झाली. मी सरांना शोधलं तर ते विहिरीच्या कठड्याला टेकून उभे, कालच्या खड्ड्याकडे तोंड करून. आमच्याकडे पाठ. डोक्यावर ऊन, छत्री मिटलेली. मी म्हटलं, "सर, इकडे या की, बघायला." ते म्हणाले, "माझं उत्तर इकडे आहे." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी पाण्याची बाटली नेऊन दिली, ती त्यांनी न वळता घेतली.

किती वेळ गेला कोण जाणे. फावडं एका ठिकाणी अडलं, दादाने हाताने माती सारली आणि शेंदूर दिसला. ओला, केशरी, जसाच्या तसा. दादा ओरडला. मजुरांनी टोपल्या टाकून हात जोडले. आणि आत्याने, चार दिवस ज्या मातीकडे जायला ती तयार नव्हती, त्या मातीवर पाय ठेवला. आता देव कुठे आहे ते ठाऊक होतं ना. ती तरातरा गेली, खड्ड्याच्या कडेला बसली, पदराने देवाचं तोंड पुसलं आणि त्यालाच शिव्या द्यायला लागली. "इतका जीव घेतस माजा? हाक मारता नव्हती येत?"

मग तिची नजर सरांकडे गेली. ते अजून पाठमोरेच.

"मास्तर, देव आला वर. फिरा नं आता."

सरांनी मान हलवली. "क्लास सुटेपर्यंत फिरायचं नसतं, आत्याबाई. नियम माझाच आहे."

आत्या माझ्याकडे बघायला लागली, याला ऊन लागलं की काय अशा नजरेने. मी चालत सरांपर्यंत गेले. त्यांची छत्री घेतली, मूठ त्यांच्या खांद्यावर टेकवली. म्हटलं, "सर, क्लास सुटला. फिरा आता."

सर फिरले. डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि लांबूनच त्या शेंदराकडे बघून म्हणाले, "दोनशे पंचवीस अंश. बरोबर आहे." वहिनीने डबा उघडला. आत्याने पहिला घास देवापुढे ठेवला, दुसरा सरांच्या हातावर दिला, आणि तिसरा खाल्ला. तिला जेवताना बघून मी इतकी रडले की मजुरांनी मला पाणी दिलं.

तिथे आता बिल्डिंग उभी आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बापदेव कंपाउंडच्या कोपऱ्यात बसलाय, छोटं छप्पर घालून. तो चुकीचा खड्डा बुजला, त्या जागी आता बाइकचं पार्किंग आहे. सरांनी पुढेही दर वर्षी पोलरवर आठवडा घालवला आणि शेवटच्या दिवशी मुलांना ही गोष्ट सांगितली, स्वतःची चूक फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून. गेल्या वर्षी ते गेले. झोपेत, काही त्रास न देता. काकू म्हणाल्या, छत्री तू घेऊन जा. ती माझ्याकडे आहे. मला ती फिरवता येत नाही, कोणाला तरी लागते.

आत्या रोज सकाळी खाली उतरते. देवाला पाणी घालते, शेजारच्या गुजराती काकींशी दोन शब्द बोलते. आणि सणासुदीला नारळ फोडला की एक तुकडा देवापुढे ठेवते, मग देवाकडे पाठ करून तशीच सरळ पार्किंगपर्यंत जाते आणि दुसरा तुकडा तिथे, दोन बाइकच्या मध्ये, जमिनीवर ठेवून हात जोडते. नवीन वॉचमनने परवा तिला विचारलं, "मौसी, भगवान तो उधर है. इधर कौन है?"

आत्याचं हिंदी तसं बेताचंच.

"इधर आमचा मास्तर खडा हाय," ती म्हणाली.